जॉर्ज फॉरेस्ट

जॉर्ज फॉरेस्ट (१३ मार्च १८७३, फॉलकर्क, स्कॉटलंड – ५ जानेवारी १९३२, तेंगयुए, युनान, चीन) हे स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक होते. १९०४ ते १९३२ या काळात त्यांनी चीनच्या नैर्ऋत्येकडील युनान प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या तिबेट व ब्रह्मदेशाच्या सीमाप्रदेशात सात मोहिमा केल्या. या मोहिमांतून वाळवलेल्या वनस्पतींचे सुमारे ३१,००० नमुने आणि मोठ्या प्रमाणावर बियाणे ब्रिटनमध्ये पोहोचले. ऱ्होडोडेन्ड्रॉन, प्रिम्युला आणि जेन्शियन या वनस्पतींच्या संदर्भात फॉरेस्ट यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. तथापि समशीतोष्ण प्रदेशांतील सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत त्यांचे कार्य पोहोचले ते गुलाबी फुलांच्या संकरित कॅमेलियामुळे. या संकराच्या नावात फॉरेस्ट यांचा उल्लेख नाही. पण ज्या रानझुडपापासून तो निपजला, त्याचे बी युनानच्या डोंगरांतून त्यांनीच पाठवले होते.

बालपण आणि शिक्षण

फॉरेस्ट यांचा जन्म स्कॉटलंडमधील फॉलकर्क या गावी झाला. वडील दुकानदार होते. पुढे हे कुटुंब किलमार्नॉक येथे स्थायिक झाले आणि जॉर्ज यांचे शालेय शिक्षण किलमार्नॉक अकॅडमीत झाले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. शाळा सुटल्यावर ते गावातील एका औषधविक्रेत्याच्या दुकानात उमेदवारी करू लागले. त्या काळी बरीच औषधे वनस्पतींपासून तयार होत. त्यामुळे वनस्पती ओळखणे, त्या वाळवणे, त्यांचे औषधी गुण जाणणे आणि नोंद ठेवणे या गोष्टी त्यांना तेथे शिकता आल्या. प्राथमिक उपचारांचे जे ज्ञान त्यांनी या दुकानात मिळवले, त्याचा उपयोग पुढे युनानमधील दुर्गम खेड्यांत त्यांना स्वतःला आणि इतरांनाही झाला.

ऑस्ट्रेलियातील वास्तव्य

दुकानातील बैठे काम फॉरेस्ट यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. १८९१ च्या सुमारास ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. सोन्याच्या शोधात निघालेल्या हजारो तरुणांप्रमाणे त्यांनीही खाणींच्या प्रदेशात नशीब अजमावले, तसेच मेंढपाळीच्या व्यवसायातही काम केले. धन फारसे हाती लागले नाही. मात्र उघड्यावर राहणे, अल्प अन्नपाण्यावर दिवस काढणे आणि अनोळखी मुलखात वाट शोधणे यांची त्यांना सवय झाली. दक्षिण आफ्रिकेमार्गे ते १९०२ साली स्कॉटलंडला परतले.

एडिनबरा येथील नोकरी

मायदेशी परतल्यानंतर काही काळ फॉरेस्ट यांना निश्चित काम नव्हते. एकदा मासेमारीसाठी गेले असता त्यांना दगडी बांधणीची एक प्राचीन शवपेटी आढळली. तिची माहिती त्यांनी एडिनबरा येथील पुराणवस्तुसंग्रहालयाला कळवली. त्यातून झालेल्या परिचयामुळे त्यांचे नाव एडिनबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनचे प्रमुख, प्राध्यापक आयझॅक बेली बाल्फोर यांच्यापर्यंत गेले. १९०३ साली बाल्फोर यांनी त्यांना उद्यानाच्या वनस्पतिसंग्रहात साहाय्यकाची जागा दिली.

देशोदेशींहून आलेले वाळवलेले नमुने कागदावर लावणे, त्यांची वर्गवारी करणे आणि नोंदी लिहिणे असे हे काम होते. फॉरेस्ट घरून उद्यानापर्यंत पायी ये-जा करीत आणि दिवसभर उभे राहूनच काम करीत. चीनमधून आलेल्या नमुन्यांशी त्यांचा येथेच परिचय झाला. याच विभागात काम करणाऱ्या हॅरिएट क्लेमेंटिना ट्रेल यांच्याशी पुढे १९०७ साली त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुलगे झाले.

पहिली मोहीम

लिव्हरपूल येथील कापसाचे दलाल आर्थर किल्पिन बुली हे हौशी उद्यानप्रेमी होते. बियाणे व रोपे विकणारी एक पेढीही त्यांनी काढली होती. आपल्यासाठी पूर्वेकडून नव्या वनस्पती आणू शकेल असा माणूस सुचवावा, अशी विनंती त्यांनी बाल्फोर यांना केली. बाल्फोर यांनी फॉरेस्ट यांचे नाव सुचवले. मे १९०४ मध्ये फॉरेस्ट निघाले आणि ऑगस्टमध्ये युनानमधील दाली येथे पोहोचले.

पश्चिम युनानचा हा भाग वनस्पतींच्या दृष्टीने अतिशय समृद्ध आहे. यांगत्से, मेकाँग आणि साल्वीन या तीन महानद्या येथे खोल दऱ्यांतून जवळजवळ समांतर वाहतात आणि त्यांच्यामध्ये हिमाच्छादित पर्वतरांगा उभ्या आहेत. दरीच्या तळाशी उष्ण हवामान, तर शिखराजवळ कायम बर्फ, अशी स्थिती असल्याने थोड्या अंतरात वनस्पतींचे अनेक पट्टे आढळतात. फ्रेंच मिशनऱ्यांनी या प्रदेशातून काही नमुने पॅरिसला पाठवले होते. परंतु बागेत लावता येईल असे बियाणे तुलनेने थोडेच युरोपात गेले होते.

येथे येण्याचा सोयीचा मार्ग ब्रह्मदेशातून होता. ब्रह्मदेश त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इरावती नदीवरील भामो या ठाण्यापासून खेचरांचे तांडे डोंगर ओलांडून तेंगयुए (आजचे तेंगचोंग) येथे जात. तेंगयुए येथे ब्रिटिश वकिलात होती. तेथील प्रभारी वकील जॉर्ज लिटन यांच्याशी फॉरेस्ट यांची घनिष्ठ मैत्री जमली.

१९०५ मधील हल्ला

१९०३-०४ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने कर्नल फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या नेतृत्वाखाली ल्हासावर सशस्त्र मोहीम पाठवली. त्यापाठोपाठ पूर्व तिबेटच्या सरहद्दीवर चिनी अंमल अधिक कडक करण्याचे प्रयत्न सुरू झाले. या दोन्हींमुळे सीमाभागातील मठांत परकीयांविषयी तीव्र असंतोष निर्माण झाला आणि १९०५ च्या वसंत ऋतूत बातांग येथे उठाव झाला. त्याचे लोण लवकरच मेकाँगच्या खोऱ्यात पसरले.

त्या उन्हाळ्यात फॉरेस्ट मेकाँगच्या काठावरील त्झेको या गावी फ्रेंच मिशनच्या आश्रयाने राहून संग्रह करीत होते. जुलैच्या मध्यास अतुंत्झे (आजचे देचेन) येथील चिनी शिबंदी मारली गेल्याची वार्ता आली, तेव्हा वृद्ध धर्मगुरू ड्युबेर्नार आणि बूर्दोनेक यांच्यासह मिशनमधील सर्व मंडळी रात्री गाव सोडून निघाली. दुसऱ्या दिवशी पाठलाग करणाऱ्यांनी त्यांना गाठले. दोन्ही धर्मगुरू मारले गेले. फॉरेस्ट यांच्याकडे १७ स्थानिक संग्राहक व नोकर होते. त्यांपैकी एकच जण वाचला.

फॉरेस्ट यांनी वाटेवरून खाली दाट झाडीत उडी घेतली. त्यानंतर सुमारे आठ दिवस ते दिवसा लपत आणि रात्री चालत. पावलांचे ठसे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांनी बूट टाकून दिले होते. त्यांच्यावर विषारी बाणही सोडण्यात आले. या दिवसांत खायला जवळजवळ काहीच मिळाले नाही. शेवटी अगदी क्षीण झालेल्या अवस्थेत ते लिसू जमातीच्या एका वस्तीत गेले. तेथील लोकांनी त्यांना अन्न व आश्रय दिला आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून डोंगरांवरून सुरक्षित मुलखाकडे नेले. वाटेत जमिनीत रोवलेला बांबूचा अणकुचीदार खुंटा त्यांच्या पायातून आरपार गेला. ती जखम भरून येण्यास बराच काळ लागला. ते मारले गेल्याचे वृत्त तोपर्यंत ब्रिटनमध्ये पोहोचले होते.

या हल्ल्यात फॉरेस्ट यांचा त्या हंगामातील सर्व संग्रह नष्ट झाला. सुमारे २,००० जातींचे नमुने, ८० जातींचे बी आणि १०० छायाचित्रांच्या काचा त्यात होत्या. असे असूनही ते मायदेशी परतले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस लिटन यांच्यासोबत त्यांनी साल्वीनच्या वरच्या खोऱ्याचा प्रवास केला. या प्रवासानंतर जानेवारी १९०६ मध्ये लिटन तापाने मरण पावले. पुढे फॉरेस्ट यांनी एका प्रिम्युलाला लिटन यांचे नाव दिले. ती वनस्पती आज प्रिम्युला व्हियाली या आधीच्या नावाने ओळखली जाते. १९०७ साली फॉरेस्ट ब्रिटनला परतले.

संग्रहाची पद्धत आणि नाशी सहकारी

वनस्पतिसंग्राहकाला एकाच झाडाकडे दोनदा जावे लागते. वसंतात किंवा उन्हाळ्यात झाड फुललेले असताना त्याची फांदी कागदांत दाबून वाळवली जाते, कारण फुलावाचून जात ओळखणे अवघड असते. बी मात्र शरद ऋतूत पिकते. तेव्हा फुले गळालेली असतात आणि डोंगरावर बर्फ पडू लागलेला असतो. अशा वेळी नेमके तेच झुडूप पुन्हा शोधून काढणे, बी पूर्ण पिकल्यावर पण फळ उकलून ते सांडण्यापूर्वी गोळा करणे, वाळवणे आणि बुरशी लागणार नाही अशा रीतीने बांधून हजारो किलोमीटर दूर पाठवणे, हे या व्यवसायातील खरे कौशल्य होय.

एकट्या माणसाला एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात हे काम करणे शक्य नव्हते. १९०६ च्या सुमारास फॉरेस्ट यांनी लीजियांगजवळ, युलोंग हिमपर्वताच्या पायथ्याशी असलेल्या नाशी जमातीच्या एका खेड्यात आपले ठाणे केले. हे गाव आज युहू या नावाने ओळखले जाते. गावातील अनेक पुरुषांना त्यांनी नमुने दाबणे, नोंदी ठेवणे आणि बी वेचणे शिकवले. चाओ चेंगचांग हे या गटाचे प्रमुख होते. फॉरेस्ट यांच्या पत्रव्यवहारात ते लाओ चाओ या नावाने येतात. फॉरेस्ट अखेरपर्यंत त्यांच्यावर विसंबून होते. हे संग्राहक लहान लहान तुकड्या करून निरनिराळ्या पर्वतरांगांवर जात आणि काही महिन्यांनी भरलेल्या गाठोड्यांसह परत येत. फॉरेस्ट इंग्लंडमध्ये किंवा दूरच्या मुक्कामी असतानाही संग्रहाचे काम चालू राहू शकत होते, ते या माणसांमुळे.

फॉरेस्ट आपल्या सहकाऱ्यांना नियमित वेतन देत आणि आजारपणात त्यांच्यावर उपचार करीत. पदरमोड करून आणवलेली देवीची लसही त्यांनी युनानमधील हजारो लोकांना टोचली. मात्र नमुन्यांवरील चिठ्ठीत संग्राहक म्हणून फॉरेस्ट यांचेच नाव आणि त्यांचाच अनुक्रमांक असे. कोणत्या डोंगरावरील कोणते झुडूप कोणाच्या नजरेस प्रथम पडले, याची नोंद त्या पद्धतीत राहत नसे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एरिक म्युग्लर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथात नाशी संग्राहकांच्या या योगदानाची सविस्तर चर्चा केली आहे.

आश्रयदाते

दुसरी मोहीम (१९१०) बुली यांच्याच खर्चाने झाली. परंतु मोबदल्याच्या प्रश्नावरून दोघांत मतभेद झाले. १९१२ साली सुरू झालेल्या तिसऱ्या मोहिमेसाठी फॉरेस्ट यांना जॉन चार्ल्स विल्यम्स (१८६१–१९३९) यांचा आश्रय मिळाला. विल्यम्स यांच्या घराण्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात तांबे व कथील यांच्या खाणींवर संपत्ती मिळवली होती. ते काही काळ ब्रिटिश संसदेचे सदस्यही होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील केअरहेझ कॅसल ही त्यांची वास्तू होती. समुद्रावरून येणारी सौम्य व दमट हवा आणि आम्लधर्मी जमीन यांमुळे चिनी डोंगरांतील झाडे तेथे चांगली वाढत. फॉरेस्ट यांनी पाठवलेल्या ऱ्होडोडेन्ड्रॉनच्या बियांतून तेथे मोठे उपवन उभे राहिले. पुढील मोहिमांसाठी विल्यम्स यांच्याबरोबर इतर उद्यानधारकांनीही वर्गणी काढून खर्चाचा वाटा उचलला आणि आलेले बी त्यांच्यात वाटले जाई.

गुलाबी कॅमेलियाचा इतिहास

कॅमेलिया ही चहाच्या कुळातील प्रजाती आहे. भारतात ज्याच्या पानांचा चहा होतो, ते झाडही याच प्रजातीतील कॅमेलिया सायनेन्सिस होय. शोभेच्या कॅमेलियांपैकी कॅमेलिया जॅपोनिका ही पूर्व आशियातील जात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये आली. ती थंडीत टिकणार नाही अशा समजुतीने श्रीमंतांनी तिला काचगृहात जपले. एकोणिसाव्या शतकात तिचे शेकडो वाण निघाले, पण त्या शतकाच्या अखेरीस ही हौस ओसरली. उघड्या जागेत ही जात तग धरते हे लक्षात आल्यावरही दोन अडचणी उरल्या. कळ्या धरण्यासाठी तिला पुरेसा उबदार उन्हाळा लागतो, त्यामुळे ब्रिटनच्या थंड व ढगाळ भागांत ती कमी फुलते. शिवाय अनेक वाणांची सुकलेली फुले तपकिरी होऊन झुडपावरच चिकटून राहतात.

युनानमध्ये कॅमेलियाची परंपरा फार जुनी आहे. तेथील मंदिरांच्या आवारांत कॅमेलिया रेटिक्युलाटा या जातीची मोठ्या फुलांची झाडे शतकानुशतके जोपासली गेली. लीजियांगजवळच्या युफेंग मठातील कॅमेलियाचे जुने झाड त्याच्या विपुल फुलांसाठी प्रसिद्ध असून हा मठ फॉरेस्ट यांच्या ठाण्याच्याच परिसरात आहे. रेटिक्युलाटाचा एक बागायती वाण १८२० साली इंग्लंडमध्ये आला होता. तिच्या रानटी रूपाचे बी फॉरेस्ट यांनी १९२० च्या दशकात पाठवले.

त्याआधीच, १९१७ ते १९१९ या काळातील चौथ्या मोहिमेत, फॉरेस्ट यांनी पश्चिम युनानमधून आणखी एका कॅमेलियाचे बी पाठवले होते. लहान, अरुंद पानांचे हे दाट झुडूप असून त्याला फिकट गुलाबी ते पांढरी, एकेरी फुले येतात. मंदिरांतील भव्य कॅमेलियांच्या शेजारी ते साधे दिसते. परंतु कमी वयापासून भरभरून फुलणे आणि थंड उन्हाळ्यातही कळ्या धरणे हे गुण त्याच्या अंगी आहेत. साल्वीन नदीवरून त्याला कॅमेलिया सालुएनेन्सिस असे नाव मिळाले. हे नाव शास्त्रीय वर्णनासह १९३३ साली, म्हणजे फॉरेस्ट यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

केअरहेझ येथे या बियांपासून झुडपे तयार झाली आणि १९२० च्या दशकात ती फुलू लागली. विल्यम्स यांनी त्यांचा कॅमेलिया जॅपोनिकाशी संकर केला. संततीत दोन्ही बाजूंचे गुण एकत्र आले. जॅपोनिकाची चकचकीत पाने व काटकपणा आणि सालुएनेन्सिसचा बहर यांखेरीज एक मोलाचा गुण त्यांत दिसला. तो म्हणजे या झुडपांची कोमेजलेली फुले आपोआप खाली गळून पडतात आणि झुडूप स्वच्छ दिसते. एडिनबरा उद्यानाचे तत्कालीन प्रमुख विल्यम राइट स्मिथ यांनी या संकराला विल्यम्स यांच्या सन्मानार्थ कॅमेलिया विल्यम्सी असे नाव दिले. स्मिथ यांनी पूर्वी कोलकात्याजवळच्या शिवपूर येथील वनस्पती उद्यानाच्या वनस्पतिसंग्रहात काम केले होते.

केअरहेझ येथील पहिल्या प्रसिद्ध वाणाला 'जे. सी. विल्यम्स' असेच नाव आहे. त्याची फुले एकेरी, कोवळ्या गुलाबी रंगाची असून मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९४२ साली या वाणाला प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दिले. 'सेंट यू', 'मेरी ख्रिश्चन' आणि नोव्हेंबरपासूनच फुलू लागणारा 'नोव्हेंबर पिंक' हे वाणही याच बागेतील आहेत.

या गटातील सर्वांत लोकप्रिय ठरलेला वाण मात्र दुसऱ्या बागेत जन्मला. ससेक्स परगण्यातील बोर्ड हिल येथे कर्नल स्टीफन्सन क्लार्क यांनी सालुएनेन्सिसचा जॅपोनिकाच्या 'मासायोशी' या वाणाशी संकर करून 'डोनेशन' हा वाण मिळवला. त्याच्या मोठ्या फुलांना पाकळ्यांचे एकाहून अधिक थर असतात. पाकळ्यांचा रंग मोतिया झाक असलेला गुलाबी असून त्यांवर गडद गुलाबी शिरा दिसतात. १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला गुणवत्ता पुरस्कार दिला. युद्धानंतर मोठ्या वाड्यांच्या बागा मोडू लागल्या आणि घरामागील छोट्या बागांचे दिवस आले. विशेष निगा न घेता फेब्रुवारी ते एप्रिल असे अनेक आठवडे फुलणारा 'डोनेशन' या छोट्या बागांत रुजला. छाट कलमांनी त्याची सहज वाढ करता येत असल्याने रोपवाटिकांनाही तो सोयीचा ठरला. कॅमेलिया ही केवळ धनिकांच्या काचगृहातील वनस्पती आहे ही समजूत मोडण्यात विल्यम्सी गटाचा मोठा वाटा आहे.

सालुएनेन्सिसचा वंश पुढे दक्षिण गोलार्धातही विस्तारला. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक ई. जी. वॉटरहाउस यांच्या सिडनी येथील बागेतून त्यांच्याच नावाचा गुलाबी वाण पुढे आला. न्यूझीलंडमध्ये लेस ज्युरी यांनी 'अँटिसिपेशन' व 'डेबी' हे गडद गुलाबी छटांचे वाण तयार केले.

इतर वनस्पती

फॉरेस्ट यांच्या संग्रहातून १,२०० च्या आसपास जाती विज्ञानाला नव्याने ज्ञात झाल्या. ऱ्होडोडेन्ड्रॉनच्या ३०० हून अधिक जाती त्या काळी नवीन म्हणून नोंदल्या गेल्या. शरद ऋतूत गडद निळी फुले देणारी जेन्शियाना सिनो-ऑर्नाटा, कोवळी लाल पालवी असलेली पिएरिस फॉर्मोसाची फॉरेस्टी ही उपजात, बुली यांचे नाव असलेली प्रिम्युला बुलियाना आणि प्रचंड पानांचे ऱ्होडोडेन्ड्रॉन सिनोग्रँडे ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे होत. वनस्पतींखेरीज त्यांनी पक्षी व सस्तन प्राण्यांचे नमुनेही गोळा केले.

१९१९ साली त्यांना ऱ्होडोडेन्ड्रॉनचा सुमारे २४ मीटर उंचीचा एक वृक्ष आढळला. तोवर झुडूप मानल्या जाणाऱ्या वनस्पतीचा एवढा आकार सिद्ध करण्यासाठी त्यांनी तो तोडवला आणि खोडाचा काप लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवला. कापावरील वलयांवरून वृक्षाचे वय सुमारे २८० वर्षे ठरले. त्या काळच्या विज्ञानव्यवहारात ही कृती स्वाभाविक समजली गेली. आजच्या संवर्धनविचाराला ती मान्य होणारी नाही.

सन्मान

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९२१ साली फॉरेस्ट यांना व्हिक्टोरिया मेडल ऑफ ऑनर आणि १९२७ साली व्हिच स्मृतिपदक प्रदान केले. अनेक वनस्पतींच्या नावांत 'फॉरेस्टी' हे जातिनाम आढळते.

अखेरची मोहीम आणि मृत्यू

१९३० साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, फॉरेस्ट सातव्या मोहिमेवर निघाले. ही आपली शेवटची मोहीम असावी आणि यानंतर घरी स्थिर व्हावे, असा त्यांचा मनोदय होता. नाशी सहकारी पुन्हा एकत्र आले आणि हंगाम अतिशय फलदायी ठरला. १९३१ च्या अखेरीस खेचरांच्या पाठीवर लादण्याइतके बियाणे जमले होते. सामान बांधून पाठवण्याची आणि परतीच्या प्रवासाची तयारी चालू होती. ५ जानेवारी १९३२ रोजी तेंगयुएजवळ पक्ष्यांच्या शिकारीस गेले असता हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. २६ वर्षांपूर्वी मरण पावलेल्या लिटन यांच्या थडग्याशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. तीन दशकांच्या कार्यकाळातील फार मोठा भाग त्यांनी पत्नी व मुलांपासून दूर घालवला होता.

कार्याचे मूल्यमापन

फॉरेस्ट यांचे वाळवलेले नमुने एडिनबरा येथील उद्यानात जतन केलेले असून पूर्व हिमालय व युनानच्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी ते आजही वापरले जातात. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, उंची, ऋतू व अधिवास यांची नोंद असल्याने शंभर वर्षांपूर्वी कोणती वनस्पती कोठे होती, हे त्यांवरून समजते.

त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही अभ्यासकांनी मांडली आहे. साम्राज्याच्या बळावर परकीय भूमीतून जैविक संपत्ती नेण्याचा हा काळ होता. ज्या लोकांच्या डोंगरांतून ती नेली गेली, त्यांना तिच्या व्यापारी लाभाचा वाटा मिळाला नाही. १९०५ साली मारले गेलेले संग्राहक, जीव धोक्यात घालून आश्रय देणारे लिसू गावकरी आणि पंचवीस वर्षे साथ देणारे नाशी सहकारी यांच्यावाचून फॉरेस्ट यांचे यश संभवले नसते.

गुलाबी कॅमेलियाच्या इतिहासात या सर्वांचे श्रम सामावलेले आहेत. संकराला नाव मिळाले ते ज्यांच्या बागेत तो घडला त्या विल्यम्स यांचे, आणि मूळ जातीला ज्या नदीच्या खोऱ्यावरून ती ओळखली गेली त्या साल्वीनचे. १९३९ साली विल्यम्स यांचेही निधन झाले. 'जे. सी. विल्यम्स' आणि 'डोनेशन' या वाणांना पुरस्कार मिळाले, तेव्हा बी पाठवणारे आणि पहिला संकर करणारे असे दोघेही हयात नव्हते. आज थंड हवामानाच्या अनेक देशांत वसंताच्या आरंभी जी गुलाबी कॅमेलिया फुलते, तिचा एक पूर्वज युनानच्या डोंगरांतील फिकट फुलांचे ते साधे झुडूप आहे.